घडी कुठे वाळत घालायची?

दर बारा वर्षांनी गोदावरी कुंभकोणमला अंघोळीला येते, असं तिथले लोक सांगतात. नुसती गोदावरी नाही, तर गंगा, यमुना, नर्मदा, कृष्णा, कावेरी अशा नऊ नद्या येतात. वर्षानुवर्षं माणसं त्यांच्या पाण्यात पापं धुतात, ती पापं नद्यांच्या अंगाला चिकटतात आणि ती उतरवायला त्यांना गावातला महामहम् तलाव लागतो. तलावाकाठच्या काशी विश्वनाथाच्या देवळात या नऊ जणींच्या मूर्ती आहेत. मागचं महामहम् फेब्रुवारी २०१६ मध्ये झालं, पुढचं २०२८ मध्ये आहे. बँकेच्या नोकरीच्या निमित्ताने मी तीन वर्षं या गावात काढली. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला तिच्यातला हिशेब पटला. जो दुसऱ्याचं धुतो त्याचेही हात मळतात आणि तो मळ कुठेतरी जावा लागतो, एवढं तरी तिच्यात मान्य केलेलं आहे. नद्यांना तलाव मिळाला. बायांच्या धुण्याचं काय झालं, ते आज लिहायचं आहे.

हा लेख पाळीच्या कापडाबद्दल आहे. ते कसं धुवायचं, कुठे वाळवायचं, कुठे ठेवायचं आणि या साध्या कामात जात कुठून येऊन बसते, याबद्दल. या सदराच्या वाचकांपैकी बऱ्याच जणी घरातल्या पहिल्या पदवीधर आहेत. आपण संविधानाचं कलम १७ पाठ केलं, प्रथिनांची रचना शिकलो. पण रक्त हेही प्रथिनच, आणि त्याचा डाग गरम पाण्याने पक्का होतो, गार पाण्याने सुटतो, हे आपल्याला कोणत्याच वर्गात सांगितलं गेलं नाही. आईने सांगितलं असेल तर तेही हळू आवाजात, मोरीच्या दाराआडून.

कुंभकोणममध्ये भाड्याचं घर शोधताना माझ्या आडनावावरून कुणाला जात कळत नव्हती. त्यामुळे प्रश्न जेवणातून फिरून यायचा: तुम्ही व्हेज का? तीन घरं अशी गेली. चौथ्या घरी ‘घरात शिजवायचं नाही’ या अटीवर वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. मी पाळीला कापडी पॅड वापरते. बाजारात मिळालेली मऊ सुती वेष्टी फाडून शिवलेले काही आणि विकतचे दोन-तीन. पहिल्या महिन्यात ते धुऊन गच्चीवरच्या दोरीला घातले. संध्याकाळी कामावरून आले तर माझ्या दारापाशी एक प्लास्टिकची पिशवी ठेवलेली, आणि तिच्यात ते पॅड. काठीने उचलून टाकलेले होते, काठी तिथेच टेकवलेली होती. घरमालकीणबाई रागावल्या नव्हत्या. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, वर गोपुरम् दिसतं, वडाम वाळत असतात, हे तिथे नको. खाली न्हाणीच्या मागे दोरी आहे, तिथे घाला. ती जागा म्हणजे दोन भिंतींमधली हातभर रुंदीची गल्ली. तिथे दिवसभरात ऊन येत नव्हतं. भिंतीला शेवाळ होतं. आणि त्या दोरीवर त्यांच्या स्वतःच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचंही कापड होतं, एका जुन्या टॉवेलखाली झाकलेलं.

हे मुद्दाम सांगते. विटाळ फक्त आपल्याला लागू होतो असं नाही. तो त्यांच्या घरातही आहे, त्यांच्या मुलीलाही न्हाणीमागच्या गल्लीत पाठवतो. तमिळमध्ये विटाळाला ‘तीट्टु’ म्हणतात आणि पाळी आलेल्या बाईला ‘वीट्टुक्कु दूरम्’, म्हणजे घरापासून दूर. आपल्याकडे ‘बाहेरची’ म्हणतात, ‘कावळा शिवला’ म्हणतात. हजार किलोमीटरवर भाषा बदलते, बाईला उभं करायची जागा बदलत नाही. फरक पुढे पडतो. सवर्ण घरातली मुलगी चौथ्या दिवशी न्हाऊन घरात परत येते. तिच्या विटाळाला मुदत आहे. ज्यांच्या जातीलाच विटाळ म्हटलं गेलं त्यांच्यासाठी चौथा दिवस कधी उजाडतच नाही.

ही तुलना माझी नाही, ती शास्त्रकारांनीच करून ठेवली आहे. पराशरस्मृतीत रजस्वला बाईच्या तीन दिवसांना तीन नावं आहेत. पहिल्या दिवशी ती चांडाळीण, दुसऱ्या दिवशी ब्राह्मणाची हत्या करणारी, तिसऱ्या दिवशी परटीण, आणि चौथ्या दिवशी शुद्ध. ही यादी शांतपणे वाचा. बाई किती अशुद्ध आहे हे मोजायला माप म्हणून जाती वापरल्या आहेत. आणि त्या मापाच्या एका टोकाला कपडे धुणारी बाई आहे, जिचं काम इतरांचा मळ काढणं हेच आहे. मळ करणारी चौथ्या दिवशी सुटते, मळ काढणारी मात्र मोजपट्टीवरची खूण होऊन राहते. त्याहून जुना शब्द तैत्तिरीय संहितेत आहे. तिथे पाळी आलेल्या बाईला ‘मलवद्वासस्’ म्हटलं आहे, म्हणजे जिचं वस्त्र मळलेलं आहे ती. बाईचं नावच तिच्या कापडावरून पडलं.

यात मराठी माणसाला दूर उभं राहून बघता येणार नाही. तंजावरला १६७०च्या दशकापासून १८५५पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. आपले लोक तिकडे गेले की बृहदीश्वराच्या देवळातला मराठी शिलालेख अभिमानाने बघतात, बघावाच. पण त्याच दरबारातल्या त्र्यंबकयज्वन या पंडिताने १८व्या शतकात ‘स्त्रीधर्मपद्धती’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, हे फारसं कुणी सांगत नाही. बाईने उठल्यापासून झोपेपर्यंत काय करावं याची ती नियमावली आहे आणि त्यात रजस्वलेचे नियम सविस्तर आहेत: वेगळं राहावं, कुणाला शिवू नये, जमिनीवर झोपावं, तीन दिवस अंघोळ करू नये. ज्युलिया लेस्ली यांनी १९८९ मध्ये या ग्रंथावर इंग्रजीत मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. शाहजीराजांनी याच काळात कुंभकोणमजवळचं तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांना इनाम दिलं. मी तिथे बसने गेले आहे, जवळच आहे, कावेरीच्या काठचं हिरवंगार गाव. अग्रहारातल्या ओसऱ्या, पाणी, सावली, निवांतपणा. नियम लिहायला लागणारी सगळी सोय तिथे होती. तीन दिवस अंघोळ न करता कोपऱ्यात बसणंही ज्यांच्या घरी पाणी भरायला, भात लावायला दुसरं कुणी होतं त्यांनाच परवडणारं होतं. शेतात गुडघाभर चिखलात लावणी करणाऱ्या बाईला ‘बाहेर बसण्याची’ चैन कुणी दिली? ती त्याच चिखलात उभी होती, पाळी असताना.

आता त्या मोजपट्टीवरच्या परटिणीकडे येऊ. तामिळनाडूत ‘पुदिरै वण्णार’ नावाची एक जात आहे. वण्णार म्हणजे परीट. सवर्णांचे कपडे धुणारे वण्णार वेगळे. पुदिरै वण्णार दलित जातींचे कपडे धुतात. पाळीचे, बाळंतपणाचे, मयताचे कपडे त्यांच्याकडे. म्हणजे अस्पृश्यांच्याही विटाळाचं धुणं ज्यांच्या गळ्यात बांधलं ते लोक. तिरुनेलवेली भागात त्यांना दिवसा बाहेर पडायची बंदी होती, कारण त्यांच्या नुसत्या दिसण्याने विटाळ होतो असं मानलं जाई. १९३२ च्या डिसेंबरात ‘द हिंदू’ वृत्तपत्रात याचं वर्णन छापून आलं होतं. रात्री बाहेर पडायचं, रात्री धुवायचं, उजाडायच्या आत परतायचं. कपडे वाळवायला ऊन लागतं, आणि ते कपडे धुणाऱ्यांनाच उन्हात यायची मनाई! इमैयम यांची १९९४ सालची ‘कोवेरु कळुदैगळ’ ही कादंबरी याच समाजातल्या एका कुटुंबाची आहे. लीना मणिमेकलै यांचा २०१९ चा ‘माडत्ती’ हा चित्रपट याच जातीतल्या मुलीवर आहे. २००९ मध्ये तामिळनाडू सरकारने या समाजासाठी कल्याण मंडळ नेमलं. अनुसूचित जातींच्या यादीत नाव असूनही जातीचा दाखला मिळवताना या समाजातल्या मुलांची दमछाक होते, अशा तक्रारी तरीही येत राहिल्या.

इथे आपण दलित वाचकांनीही थांबून विचार केला पाहिजे. पुदिरै वण्णारांचं गाठोडं ज्या घरांतून जात होतं ती घरं दलितांची होती. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, त्याचा अर्थ पुस्तकात कळतो. पाळीच्या कापडाचं गाठोडं कोण कुणाच्या दारातून उचलतं हे पाहिलं की तो पोटात उतरतो. प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी सापडतं, निदान धुण्यापुरतं.

महाराष्ट्रात असं वेगळं धुणं घेणारी जात आपल्या वस्तीसाठी नव्हती. गावचा परीट बलुतेदार होता, पण महार-मांगांचं धुणं तो घेत नसे. आपल्या आज्यांनी आपलं धुणं आपणच धुतलं. लुगड्याचं धडपं फाडून घड्या केल्या, त्या धुतल्या आणि पुन्हा वापरल्या. आता हे ‘परंपरेचं शहाणपण’ म्हणून मांडायची फॅशन आली आहे. मला ते मान्य नाही. पाणी कुठून आणायचं हा त्या धुण्यातला पहिला प्रश्न होता. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर ते तळं शेण-गोमूत्राने ‘शुद्ध’ करणाऱ्या समाजात एक जादा हंडा मिळवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. प्यायला जिथे पाणी नाही तिथे घडी धुवायला कुठून येणार? मग ती अर्ध्या तांब्यात खळबळली जायची, आणि कुडाच्या फटीत, गवताच्या गंजीत, गोधडीखाली वाळायची. वाळायची म्हणजे दमट राहायची. त्यातून खाज, जखमा, अंगावरून पांढरं जाणं. आज्या याला ‘बायकांचं दुखणं’ म्हणायच्या आणि सोडून द्यायच्या.

बीडच्या ऊसतोड बायांचं उदाहरण तर कालपरवाचं आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कारणं अनेक आहेत: मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, खासगी दवाखाने. पण उसाच्या फडात पाणी नाही, आडोसा नाही, कापड बदलायला आणि धुवायला जागा नाही, हेही त्यातलंच आहे. पाळी हीच अडचण ठरवली गेली आणि पाण्याची टाकी आणायच्या ऐवजी बाईचा अवयव काढला गेला.

म्हणून विकतचा पॅड आपल्या घरात आला तेव्हा तो सुटकेसारखा वाटला. माझ्या आईला तो वाटला आणि तिचं बरोबर होतं. धुवायचं नाही, वाळवायचं नाही, लपवायचं नाही. तामिळनाडू सरकारने २०११ मध्ये ‘पुदु युगम्’ म्हणजे नवं युग या नावाने ग्रामीण मुलींना मोफत पॅड द्यायची योजना आणली. महाराष्ट्राची ‘अस्मिता’ योजना ८ मार्च २०१८ ला सुरू झाली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत पाकीट. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. या योजना चांगल्या आहेत. शाळेतून मुलीचे चार दिवस वाचतात, याला मी तरी नावं ठेवणार नाही.

पण पॅडने धुणं संपवलं नाही, फक्त पुढे ढकललं. तो फेकल्यावर कुठे जातो? पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या कचरावेचक बायांनी हा प्रश्न आपल्या आधी विचारला. ओला-सुका कचरा हाताने वेगळा करताना रक्ताचे पॅड त्यांच्या हाताला लागत. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड बांधून कंपन्यांनाच परत पाठवले. पुढे पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, निदान आम्हाला कळेल तरी, अशी मोहीम काढली. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत पॅडसोबत गुंडाळायची पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर आली आणि नीट गुंडाळून देण्याची वापरणारीवर. किती जणी गुंडाळतात? कुंभकोणमला २०२१ मध्ये महानगरपालिका झाली. सकाळी गाडीबरोबर येणाऱ्या बाईला मी एकदा विचारलं, सगळ्यात नकोसं काय वाटतं? तिने बोटाने न उघडलेली एक काळी पिशवी दाखवली आणि काही बोलली नाही. तामिळनाडूत या कामात अरुंधतियार आणि इतर दलित जातींचीच माणसं दिसतात, आपल्याकडेही कचऱ्यात हात घालणारे आपलेच. पुदिरै वण्णारांचं गाठोडं निदान धुऊन परत जात होतं. ही काळी पिशवी परत जात नाही, आणि ती कुणाची हे कुणाला कळतही नाही. विटाळ निनावी झाला, एवढीच सुधारणा.

आणि कापडाचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते २४ वयाच्या ६४ टक्के मुली-बाया विकतचा पॅड वापरतात असं आलं, आणि ५० टक्के कापड वापरतात असंही आलं. बेरीज शंभरावर जाते कारण अनेक जणी दोन्ही वापरतात: कॉलेजला जाताना पॅड, घरी कापड. हे आपलंच चित्र आहे. पण त्याच पाहणीत ‘आरोग्यदायी साधनं’ कोणती? विकतचे पॅड, गावात बनवलेले पॅड, टॅम्पॉन, कप. कापड त्यात नाही. तामिळनाडू या मापाने ९८ टक्क्यांच्या आसपास आहे, महाराष्ट्र ८५ च्या. माझी हरकत आकड्यांना नाही, मापाला आहे. सहा तासांनी बदललेलं, साबणाने धुतलेलं, कडक उन्हात वाळवलेलं कापड आणि अर्ध्या तांब्यात खळबळून गोधडीखाली दडवलेलं कापड, या दोन्हींना हे माप एकाच खान्यात टाकतं. आणि पैशाअभावी दिवसभर न बदललेला विकतचा पॅड मात्र आरोग्यदायी खान्यात जातो. पाहणी वस्तू कोणती ते विचारते. पाणी होतं का, दार होतं का, ऊन होतं का, हे त्या खान्यात येत नाही.

यातलं विज्ञान गुंतागुंतीचं नाही. ओडिशातल्या रुग्णालयांत येणाऱ्या बायांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुन्हा वापरायचं कापड घेणाऱ्यांत कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग जास्त दिसला; पण त्यातही ज्या बाया कापड घरात वाळवत होत्या किंवा संडासात ठेवत होत्या त्यांच्यात धोका अधिक होता. म्हणजे दोष कापडाइतकाच अंधाराचा आणि ओलीचा आहे. बुरशीला दमटपणा हवा असतो.

तर कापड कसं सांभाळायचं ते सरळ सांगते. कापड सुतीच हवं. जुनं मऊ धोतर, सुती साडी, फ्लॅनेल चालेल. सिंथेटिक साडीचं धडपं शोषत नाही आणि मांड्या सोलून काढतं. नवं शिवलेलं असेल तर आधी दोन-तीनदा धुऊन घ्या. खळ निघते आणि ते शोषायला लागतं. चार ते सहा तासांनी बदला. जास्त जात असेल तर त्याआधी. वापरलेलं लगेच गार पाण्यात टाका. गरम पाणी पहिल्यांदा कधीच नाही, अंडं शिजतं तसं रक्त कापडात शिजतं. अर्धा-एक तास भिजलं की पाणी ओतून द्या, तळहाताने दाबून दाबून पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा, मग साधा साबण लावून घासा. रात्रभर बादलीत कुजत ठेवू नका. साबणाचा फेस पूर्ण निघाला पाहिजे. राहिलेला साबण अंगाला खाजवतो, पुष्कळदा आपण त्यालाच ‘इन्फेक्शन’ समजतो. ब्लीच नको, त्याने धागा जातो. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रावणही नको, त्याने कापड पाणी धरत नाही. सगळं धुणं एका बादलीत घातलं तरी बिघडत नाही, आधी रक्त निघालेलं असलं म्हणजे झालं.

डाग राहिला तर राहू द्या. डाग म्हणजे घाण नव्हे. हे वाक्य मी लहान बहिणीला तीनदा सांगितलं तेव्हा तिने दोन तास घासणं थांबवलं. पांढरंशुभ्र निघालंच पाहिजे हा हट्ट आरोग्याचा नाही, विटाळाचा आहे. तो साबणाच्या जाहिरातीतून परत आला आहे. मनातून तो घालवायला गडद रंगाचं कापड घेतलं तरी चालेल. मात्र गडद कापडावर मळ उरलाय का ते पाण्याच्या रंगावरून बघायचं.

मग ऊन. थेट, दोन्ही बाजूंनी, पूर्ण कोरडं होईपर्यंत. कावेरीच्या पट्ट्यात खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो, कोकणात जूनपासून. तेव्हा पंख्याखाली सुट्टं पसरा आणि पूर्ण वाळल्यावर इस्त्री फिरवा. ज्या पॅडमध्ये गळू नये म्हणून प्लास्टिकसारखा थर असतो त्याला कडक इस्त्री नको, तो थर वितळतो. हाताला कोरडं वाटलं तरी मधला जाड भाग नाकाला लावून बघा. कुबट वास आला तर अजून ओल आहे. वाळलेलं स्वच्छ सुती पिशवीत, कपाटात, बाकीच्या कपड्यांबरोबर ठेवा. संडासाच्या खिडकीत नाही, गादीखाली नाही. बाहेर असताना वापरलेलं घडी करून जाड पिशवीत घाला, घरी आल्याबरोबर भिजवा. सहा-आठ घड्या असल्या की पाळी निभते. कापड पातळ, कडक झालं, वास जाईनासा झाला की टाका. नीट सांभाळलं तर दोन-तीन वर्षं सहज जातात. आणि धुतल्यावर बादली घासून ठेवा. खाज, दुर्गंधी, हिरवट पाणी जात असेल तर कापड बदलून थांबू नका, डॉक्टरकडे जा.

एवढं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे तुम्ही कापडाच्या बाजूच्या. मी बायांच्या बाजूची आहे. ऑरोविलमध्ये ‘इको फेम’ ही संस्था २०१० पासून गावातल्या बायांकडून चांगले कापडी पॅड शिवून घेते, ते मी वापरले आहेत, उत्तम आहेत. पण एका विकतच्या कापडी पॅडची किंमत शेतमजूर बाईच्या रोजाला टेकते. शहरातल्या बंगल्यात वॉशिंग मशीन आणि धुण्याला बाई असताना ‘प्लास्टिक सोडा, कापडाकडे चला’ म्हणणं सोपं आहे. तिथे ते कापड शेवटी कोण धुतं, हे विचारायला विसरू नका. पर्यावरणाच्या नावाने पुदिरै वण्णार पुन्हा नेमायचे नाहीत. ज्या बाईला पाणी, दार आणि ऊन मिळत नाही तिला मोफत पॅडच द्या, आणि ते गोळा करणारीला हातमोजे, वेगळा डबा आणि पूर्ण पगार द्या. ज्या बाईला कापड हवं आहे तिला ते न लाजता वाळवू द्या. निवड तिची. आणि जे काही वापरू त्याचा मळ दुसऱ्या जातीच्या हातात जाणार नाही, एवढी अट आपल्या प्रत्येकीने स्वतःला घालावी. कापड असेल तर ते आपणच धुऊ. पॅड असेल तर गुंडाळून, खूण करून देऊ. घरात भाऊ असेल, नवरा असेल, तर त्याने ती बादली भरून द्यायला आणि दोरी बांधायला काय हरकत आहे?

आता कामाचं बोलू. आपल्यातल्या कुणी ग्रामसेवक आहेत, कुणी शिक्षिका, कुणी समाजकल्याणच्या वसतिगृहात गृहपाल, कुणी नगरपालिकेत अभियंता. अंदाजपत्रकात पॅडचं यंत्र बसवणं सोपं असतं, त्याचा फोटो निघतो. कडीचं दार असलेली न्हाणी, तिच्यात चालू नळ आणि गच्चीवर दोरी, यांचा फोटो निघत नाही. मी ज्या वसतिगृहात शिकले तिथे साठ मुलींना गच्चीवर जायला बंदी होती, मुली बिघडतील म्हणून. आम्ही घड्या खाटेखालच्या ट्रंकेच्या मागे वाळवायचो आणि पावसाळ्यात निम्म्या मुलींना खाज असायची. शेजारच्या मुलांच्या वसतिगृहाची गच्ची रात्री अकरापर्यंत उघडी असे. त्यामुळे तुमच्या तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात तुम्ही तपासणीला गेलात तर पॅडच्या यंत्राजवळ उभं राहण्याआधी जिना चढून वर जा. दाराला कुलूप असेल. किल्ली कुणाकडे असते, दिवसातून किती तास असते, ते लेखी विचारा.